गिअरबॉक्स बदलताय? क्लचच्या लाइनचा हिशेब आधी मांडा

गाडीत दुसरा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचं ठरलं की गॅरेजवाला कागदावर मोठे आकडे लिहायला लागतो. गिअरबॉक्स, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करणं, क्रॉस मेंबर, मजुरी. पेडलपासून क्लचपर्यंत दाब पोचवणारी हायड्रॉलिक लाइन या यादीत बहुधा शेवटच्या ओळीवर, 'इतर किरकोळ' या सदरात जाते. रकमेच्या दृष्टीने ते चूक नाही. नुसता पाइप, होज, नट आणि ऑइल धरलं तर दोन-तीन हजारांत भागतं. पण बसवलेला गिअरबॉक्स 'क्लच सुटत नाही' म्हणून पुन्हा खाली घ्यावा लागतो, तेव्हा कारण अनेकदा याच सदरात सापडतं. आणि गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी गाडीप्रमाणे पाच ते बारा हजार रुपये असते. म्हणून या लेखात मोठ्या नगांबद्दल जवळपास काहीच नाही. किरकोळीचाच हिशेब आहे.

आपल्याकडे हे काम दोन प्रकारच्या मालकांच्या वाट्याला येतं. पहिले जुन्या जीपवाले. सीजे मालिकेतल्या जीपला पेडल आणि क्लच फोर्क यांच्यामध्ये दांड्या, वायर आणि चासी ते बेल हाउसिंग अशी आडवी नळी, असं यांत्रिक लिंकेज असतं. त्याचे बुश झिजले की पेडल निम्मं खाली गेलं तरी क्लचला पत्ता नसतो. अशा जीपला पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवताना लिंकेज काढून हायड्रॉलिक क्लच करणं सोयीचं पडतं. दुसरे, जुनी ऑटोमॅटिक मोटार सांभाळणारे. डब्ल्यू १२४ मर्सिडीजचं उदाहरण घ्या. या गाड्या १९९५ पासून पुण्यात जुळवल्या गेल्या. आज तीस वर्षांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ओव्हरहॉलिंग गाडीच्या किमतीला भिडतं, तेव्हा मॅन्युअलचा विचार डोक्यात येतो. दोघांचं भौतिकशास्त्र एकच, पण बिल वेगळं.

दोन सिलिंडरांचं फुकट गणित

लाइनची लांबी आणि जाडी यावर गॅरेजमध्ये पुष्कळ चर्चा होते. खरी गोष्ट ठरते ती लाइनच्या दोन टोकांना: पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर. मास्टरने जेवढं ऑइल ढकललं तेवढंच स्लेव्हपर्यंत जातं. दोन्हींच्या आतल्या व्यासाचं नातं जमलं नाही, तर सोन्याचा पाइप टाकला तरी क्लच सुटणार नाही.

हिशेब शाळेतला आहे. समजा पेडल १५० मिलिमीटर दाबलं जातं आणि पेडलचं गुणोत्तर ६ ला १ आहे. म्हणजे मास्टरचा पुशरॉड २५ मिलिमीटर आत जाणार. मास्टर पाच अष्टमांश इंचाचा, म्हणजे १५.८७ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिलिमीटर. ऑइल ढकललं जातं ४,९५० घन मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिलिटरसुद्धा नाही. समोर सात अष्टमांश इंची स्लेव्ह असेल (२२.२२ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३८८) तर त्याचा पिस्टन पावणेतेरा मिलिमीटर सरकतो. फोर्कचं गुणोत्तर २ ला १ धरा. रिलीज बेअरिंग ६.४ मिलिमीटर सरकलं. डायफ्रॅम क्लचला साधारण ८ ते १० मिलिमीटर लागतात. गिअर खरखरणार हे इथेच, कागदावर, एक रुपया खर्च होण्याआधी कळलं.

आता मास्टर पाऊण इंची घ्या, १९.०५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ २८५. स्लेव्ह १८.४ सरकतो, बेअरिंग ९.२. काम झालं. पण पेडल ४४ टक्के जड झालं, कारण त्याच पायाने आता मोठा पिस्टन ढकलायचा आहे. लोणावळ्याच्या घाटात रविवारी संध्याकाळी अडकलात की हे ४४ टक्के गुडघ्याला जाणवतात. मधला पर्याय १७.७८ मिलिमीटरचा: बेअरिंग बरोबर ८ मिलिमीटर, पेडल २५ टक्के जड. तुमच्या क्लचला नेमकं किती लागतं यावर निवड ठरेल. मोठा मास्टर म्हणजे भारी मास्टर, असं समजणारे गॅरेजवाले आहेत. त्यांच्याकडून बेअरिंग गरजेपेक्षा जास्त सरकतं, डायफ्रॅमच्या पाकळ्या वाकतात, क्वचित स्लेव्हचा पिस्टनच सिलिंडरबाहेर येतो. जास्त चाल असेल तर पेडलखाली स्टॉपर लावायचा. एक बोल्ट आणि एक रबर, शंभर रुपयांत होतं.

याच गणितातून हवेची किंमतही कळते. लाइनमध्ये एक मिलिलिटर हवा राहिली तर दाबाखाली ती दबून जवळजवळ नाहीशी होते आणि स्लेव्हची २.६ मिलिमीटर चाल खाते, बेअरिंगवर १.३ मिलिमीटर. आठच्या जागी पावणेसात. ब्रेकमध्ये एवढी हवा असली तर पेडल थोडं स्पंजी लागेल आणि दुसऱ्यांदा मारल्यावर काम होईल. क्लचला दुसरी संधी नसते.

त्यामुळे सामान आणायला जाण्याआधी चार मापं वहीत हवीत: पेडलची चाल, पेडलचं गुणोत्तर, स्लेव्हचा व्यास आणि फोर्कचं गुणोत्तर. सिलिंडरचा व्यास बहुतेक वेळा अंगावरच कोरलेला असतो. नसेल तर व्हर्नियर कॅलिपर. ही मापं न घेता 'बसवून बघू' म्हणणाऱ्या गॅरेजला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बघण्याची मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

पाइप, होज आणि टोकं

लाइनचे तीन तुकडे असतात. ब्रेक ऑइलच्या टाकीपासून मास्टरपर्यंतची बिनदाबाची रबरी नळी. मास्टरपासून चासीपर्यंतचा कडक पाइप. आणि चासीपासून स्लेव्हपर्यंतची लवचीक होज, कारण इंजिन-गिअरबॉक्स माउंटिंगवर हलत असतात आणि बॉडी हलत नाही.

कडक पाइपसाठी ब्रेकला वापरतात तोच ४.७५ मिलिमीटरचा स्टीलचा बंडी पाइप घ्या. तीन मीटर पाइप आणि चार नट मिळून चारशे ते आठशे रुपये. एसीवाल्याकडचा मऊ तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून काही जण सुचवतात. तो नको, कंपनाने तो कडक होत जातो आणि टोकाशी तडकतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप उत्तम, गंजतही नाही, पण महाग आणि मागवावा लागतो. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर मी तो मागवेन. पुण्या-नाशिकला बंडी पुरतो.

होजवर खरा गोंधळ होतो. जेसीबी आणि कारखान्यांच्या हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं भोसरीपासून प्रत्येक एमआयडीसीत आहेत. तिथला माणूस तुमचं माप घेईल, दहा मिनिटांत दोन्ही टोकं क्रिंप करून देईल, पाचशे-सातशे रुपये घेईल आणि सांगेल की ही होज दोनशे बारची आहे. दाबाबद्दल तो खोटं बोलत नाही. क्लचच्या लाइनमध्ये दाब साधारण चाळीस ते साठ बारच असतो. पण त्याच्या होजचं आतलं रबर नायट्राइलचं, खनिज तेलासाठी बनवलेलं. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकोल जातीचं असतं. त्यात नायट्राइल रबर भिजवलेल्या मेथीदाण्यासारखं फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण स्लेव्हच्या सीलखाली जाऊन बसतात. बिघाड पहिल्या आठवड्यात दिसत नाही, म्हणूनच ही युक्ती टिकून आहे. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर किंवा टेफ्लॉन लागतं. तयार ब्रेक-क्लच होजवर 'एसएई जे १४०१' असा छाप असतो, तो शोधा. होजवाल्याकडूनच बनवून घ्यायची असेल तर आतून टेफ्लॉन, बाहेरून स्टेनलेस स्टीलची जाळी, असं स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहून घ्या.

हाच नियम टाकीखालच्या बिनदाबाच्या नळीला. हाताशी आहे म्हणून पेट्रोलची नळी लावली जाते. दाब नाही, मग काय बिघडतं? तेच बिघडतं. ब्रेक ऑइलसाठीची नळी मीटरला शंभर-दोनशे रुपयांत मिळते.

जाळीदार होज घ्यावी का? दिसायला देखणी असते आणि १,८०० ते ४,००० रुपये लावते. तयार रबरी होज ३०० ते ७०० रुपयांना येते. रबरी होज दाबाखाली किंचित फुगते आणि ते फुगणं क्लचची चाल खातं हे खरं, पण तीस सेंटिमीटरच्या चांगल्या नव्या रबरी होजमध्ये हा फरक रोजच्या वापरात जाणवण्याइतका नसतो. लाइन एक्झॉस्टजवळून जात असेल, होजची लांबी अर्ध्या मीटरवर गेली असेल किंवा स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत असेल, तर जाळीदार घ्या. नाहीतर तो पैसा मास्टर सिलिंडर नवा घेण्यात घाला.

टोकांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गळती पाइपातून होत नाही, टोकातून होते. गाडी एका देशाची, गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा, मास्टर तिसऱ्याच गाडीचा, असा संसार असतो. मेट्रिक घराण्यात १० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर पिचचे आटे सर्रास. जुन्या इंची घराण्यात तीन अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे. तीन अष्टमांश म्हणजे ९.५२ मिलिमीटर आणि २४ आटे म्हणजे १.०६ पिच. हा नट मेट्रिक भोकात हाताने सुखाने फिरतो, थोडा सैल लागतो, पान्याने आवळलात की आटे जातात आणि त्यांच्याबरोबर मास्टर सिलिंडरही. पिच गेज दीड-दोनशे रुपयांना मिळतं. दुकानदाराच्या 'हा चालतो' पेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

मग फ्लेअर. सिलिंडरच्या भोकात बॅटरी मारून पाहा. तळातून सुळका वर आलेला दिसला तर पाइपाला दुहेरी, आत वळवलेला फ्लेअर हवा. तळ खोलगट असेल तर बुडबुड्याच्या आकाराचा फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा आवळून बसवता येतो, पण तो गळतो. जाळीदार होजच्या टोकांचा उतार ३७ अंशांचा असतो आणि मोटारीच्या दुहेरी फ्लेअरचा ४५ अंशांचा. तेही एकमेकांवर बसत नाहीत, मध्ये अॅडॅप्टर लागतो. तयार मिळाला नाही तर लेथवर करून घ्यावा लागतो, नगाला तीनशे ते आठशे रुपये. बॅन्जो बोल्ट असेल तिथे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी तीनशे रुपयांचं ऑइल जमिनीवर सांडलेलं अनेकांनी पाहिलं असेल.

नव्या पिढीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना आट्यांऐवजी ओ-रिंग आणि तारेच्या क्लिपचा झटपट जोड असतो. तो बाजारात सुटा सहज मिळत नाही. म्हणून एक सल्ला, जो या लेखातला सगळ्यात स्वस्त आहे: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जिथून कुठून जुना गिअरबॉक्स घ्याल तिथे त्याच गाडीची क्लच लाइन, तिचे ब्रॅकेट आणि क्लिपा यांच्यासकट उचला. गिअरबॉक्सच्या सौद्यात ती जवळजवळ फुकट येते. पाइप निम्म्यात कापलेला असला तरी चालेल, तुम्हाला टोकं हवी आहेत. हीच टोकं नंतर बनवून घ्यायला गेलात तर दीड-दोन हजार आणि आठवडा जातो. जुना स्लेव्ह मात्र नमुना म्हणूनच घ्या. सील किट दीडशे ते चारशेला मिळतं, पण आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरात फाटतं.

खर्चाचा ताळा

पुढचे आकडे पुणे-मुंबईसाठी अंदाजपत्रकात धरण्याजोगे आहेत. तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात एक चक्कर मारली की तुमच्या गाडीपुरते पक्के होतील.

जीपसाठी देशी बनावटीचा नवा मास्टर १,००० ते २,५०० आणि स्लेव्ह ७०० ते १,८०० रुपये. कडक पाइप आणि नट ४०० ते ८००, रबरी होज ३०० ते ७००. अॅडॅप्टर, बॅन्जो, वॉशर ५०० ते १,५००. डॉट ४ ऑइल एक लिटर ४०० ते ७००. भरायला अर्धा लिटरही पुरेसं, उरलेलं हवा काढताना जातं. फायरवॉलवरची पट्टी आणि स्लेव्हचा ब्रॅकेट यांना १,००० ते २,०००, लाइनची मजुरी २,००० ते ४,०००. बेरीज ६,३०० ते १४,०००. जाळीदार होज घेतलीत तर ७,८०० ते १७,३००.

फायरवॉलची पट्टी वाचून 'ही कशाला' असं वाटेल. जीपचा पत्रा त्या जागी मास्टरचा जोर सहन करायला बनवलेला नव्हता. पेडल दाबलं की पत्रा दोन-तीन मिलिमीटर वाकतो आणि तेवढी चाल थेट वाया जाते. २५ पैकी तीन, म्हणजे बारा टक्के. तीन मिलिमीटर जाडीची पट्टी आतून-बाहेरून लावली की हा चोर पकडला जातो. मास्टरचा पुशरॉड पेडलच्या रेषेत सरळ असावा. तिरका बसला तर मास्टर एका बाजूने झिजतो.

ऑटोमॅटिक मर्सिडीजसारख्या गाडीला मास्टर ४,००० ते ९,०००, स्लेव्ह २,५०० ते ६,०००, होज १,००० ते २,५००, जुन्या मॅन्युअल गाडीचा पेडल बॉक्स ३,००० ते ८,०००, मजुरी ४,००० ते ८,०००. त्यात टाकी आणि तिच्या नळीचे ५०० ते ३,०००, शिवाय पाइप, अॅडॅप्टर, ऑइल वरच्याच भावाने. बेरीज सोळा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत. पट्टा रुंद आहे, कारण सगळं जुन्या भागांच्या नशिबावर अवलंबून असतं.

टाकीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. या गाड्यांत क्लचला स्वतंत्र टाकी नसते. ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लच मास्टरला जाते. मॅन्युअल गाडीच्या टाकीवर त्यासाठी तोंड असतं, ऑटोमॅटिकच्या टाकीवर ते बंद असतं किंवा नसतंच. मूळ रचनेत हे तोंड मुद्दाम वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, म्हणजे क्लचची लाइन फुटली तरी टाकी पूर्ण रिकामी होत नाही आणि ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहतं. टाकीच्या तळाला ड्रिल मारून निपल चिकटवणारा कारागीर तीन हजार वाचवून देतो आणि क्लचच्या गळतीला तुमच्या ब्रेकशी जोडून देतो. इथे काटकसर नको. मॅन्युअलची टाकी मिळत नसेल तर क्लचला छोटी वेगळी टाकी लावा, चार-सहाशे रुपयांत मिळते.

बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह असलेला गिअरबॉक्स घेत असाल तर अंदाजपत्रक तिथेच थांबवून पुन्हा लिहा. असा स्लेव्ह तीन ते आठ हजारांना येतो, आणि तो गळला तर बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तो जुना, चांगला दिसतो म्हणून परत बसवणं हा या सगळ्या कामातला सर्वात महागडा कंजूषपणा. नवाच बसवा, आणि हवा काढायच्या निपलला एक वेगळी जाळीदार लाइन लावून ती बेल हाउसिंगच्या बाहेर आणा. दोन हजार जास्त जातील.

बिलावर जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर २८ होता. जुना दर लावून कोणी बिल करत असेल तर विचारा.

बसवणं आणि हवा काढणं

लाइन नेताना ती मास्टरकडे सतत चढती राहिली पाहिजे. मध्ये कुठे उंटाची पाठ झाली की हवा तिथे जाऊन बसते. एक्झॉस्टपासून दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. जमत नसेल तर उष्णतारोधक बाही घाला, तीनशे-चारशे रुपये. डॉट ४ कोरडं असताना २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर त्याची किमान हमी १५५ अंशांचीच असते, आणि उकळलं की वाफ म्हणजे पुन्हा हवाच. दर फूटभर अंतरावर क्लिप हवी.

स्लेव्ह लावताना निपल वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डाव्या बाजूचा स्लेव्ह उजवीकडे बसवला की निपल खाली जातं आणि मग दोन लिटर ऑइल घाला, हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहते. अशा वेळी ब्रॅकेटवरून स्लेव्ह सोडून, पिस्टन पट्टीने आत बांधून, निपल वर धरून हवा काढायची आणि मग परत बसवायचा.

दोन माणसांनी 'दाब, धर, सोड' करून हवा काढणं ही रूढ पद्धत. ती चालते, पण हट्टी लाइनला खालून वर ऑइल ढकलणं जास्त हुशारीचं, कारण बुडबुड्यांना मुळात वरच जायचं असतं. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून मोठ्या सिरिंजने हळू हळू ऑइल आत सोडा आणि वरच्या टाकीतून जास्तीचं काढत राहा. खर्च शंभर रुपये. जुन्या मर्सिडीजसाठी याचीच सुंदर आवृत्ती आहे: पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलपर्यंत नळी जोडायची आणि ब्रेकच्या पेडलने ऑइल क्लचच्या लाइनमध्ये खालून चढवायचं. नळी आधी ऑइलने भरून घ्या, नाहीतर तिच्यातलीच हवा आत जाते.

पेडल पूर्ण सुटलेलं असताना पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात मिलिमीटरभर मोकळीक लागते. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक उघडत नाही, गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परतू शकत नाही, आणि दहा किलोमीटरनंतर क्लच आपोआप स्लिप व्हायला लागतो. मालक नवी क्लच प्लेट टाकतो, दुखणं तसंच राहतं.

परवानगी आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही भूमिका आणखी ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा, तोंडी 'काही होत नाही' वर जाऊ नका. तुमचं मॉडेल कारखान्यातून मॅन्युअलमध्येही विकलं गेलं असेल आणि त्याचाच गिअरबॉक्स वापरत असाल तर मांडायला बाजू तरी असते. विमा कंपनीलाही पत्र द्या आणि पोच ठेवा. नाहीतर अपघातानंतर सर्वेअर बॉनेट उघडेल तेव्हा तुमची बाजू लंगडी पडेल.

ताबा घेताना

पैसे पूर्ण देण्याआधी गाडी एकदा तासभर चालवा, त्यातला काही भाग गर्दीत. गाडी गरम झाल्यावर इंजिन निष्क्रिय वेगावर ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग कोणाला तरी पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि स्वतः खाली वाकून स्लेव्हचा पुशरॉड पाहा. तो हळूहळू परत येत असेल आणि बाहेर कुठे ओलावा नसेल, तर मास्टरचं आतलं सील ऑइल सोडतंय. प्रत्येक जोडाला कोरडा कागदी रुमाल लावून बघा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदाला दिसते, आणि ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून बॉडीवर थेंब पडले असतील तर तिथल्या तिथे पाण्याने धुवून घ्या.

बिलात सामान आणि मजुरी वेगळी मागा, सिलिंडर आणि होजचं नाव-माप लिहून घ्या, हवा काढणं आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतरची तपासणी मजुरीत धरली आहे का ते आधीच ठरवा. गळती झाली तर किती दिवस फुकट दुरुस्ती, हेही कागदावर. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे आणि पुढे ग्राहक आयोगातही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

नंतरची देखभाल थोडीच. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, दोनशे-तीनशेचं ऑइल आणि तेवढीच मजुरी. समुद्रकाठी पावसाळ्यानंतर बदललंत तर उत्तम. अर्धवट उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका, उघडलेलं ऑइल हवेतला ओलावा ओढत राहतं. रबरी होजवर वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की तीही बदला. तिचं माप आणि टोकांचे आटे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले असतील तर नवी होज आणायला अर्धा तास पुरतो.